भिंतीकडून आलेलं पाणी

माझी काळी कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता.

ही कोंबडी माहेरची. आई गेली, राजगुरुनगरजवळचं घर बंद झालं, भावानं भांडीकुंडी वाटून टाकली. मी म्हटलं, मला काही नको, ती काळी तलंग तेवढी द्या. भावजय हसली. हसू दे की! त्या तरण्या कोंबडीला पिशवीत घालून मी एसटीनं महाळुंग्याला आणली. आईच्या बाकीच्या कोंबड्या कधीच संपल्या होत्या. आता तिच्या हातच्या कोंबड्यांचा वंश म्हणजे ही एक काळी आणि तिच्या पोटाखालची अंडी. त्यामुळं काहीही झालं तरी मला ती पिल्लं हवी होती.

खुराडं मी स्वतः ठोकलं. आमच्या पट्ट्यात कंपन्यांची लाकडी पॅलेटं भंगारात हवी तेवढी मिळतात, त्यांचंच केलं. वर पत्रा टाकला, वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री. ताडपत्री पार वरपर्यंत ताणायची नाही, पत्र्याखाली वीतभर फट ठेवायची, नाहीतर आतल्या वाफेनंच कोंबड्या भिजतात. खाली लाकडाचा भुसा, रोज हलवायचा, ओला झाला की फेकायचा. एवढं सगळं मी नीट केलं. जागा मात्र मामंजींनी ठरवली.

मामंजी म्हणजे माझे सासरे. आमच्या घरामागच्या परड्यात एका टोकाला आंब्याचं झाड आहे, दुसऱ्या टोकाला एका कंपनीची भिंत. भिंतीपलीकडची जमीन पूर्वी मामंजींचीच, तिथं त्यांनी उमेदीची सगळी वर्षं औत धरलं.

"पाणी आंब्याकडनं येतं," ते म्हणाले. "भिंतीकडं उंचवटा हाय. थितं ठिव."

"मामा, पण भिंतीला खाली भोकं ठेवलीत, ती कशाला?"

"मला नको शिकवूस. हितलं पाणी कुठनं कुठं जातं, ते मला डोळं मिटून म्हाईत हाय."

सासऱ्यांशी वाद घालून घालून किती घालणार? ठेवलं भिंतीकडं. वर त्यांनी मला दमही भरला, "कोंबडी घरात आली तर मी भाईर जाईन." आता हा माणूस कोंबड्यांचा वैरी होता असं नाही. ढग गडगडले की अंडी नासतात, जवळ लोखंड असलं की नासत नाहीत, असं आमच्याकडं मानतात. माझी आई विळ्याचं मोडकं पातं ठेवायची. मामंजींनी भंगारातला मुठीएवढा लोखंडी नट शोधून आणला आणि काळी ज्या टोपलीत अंड्यांवर बसली होती, तिच्याखाली स्वतः सरकवला.

त्या दिवशी दुपारी वारा असा सुटला की पत्रे थडाथडा वाजायला लागले. आमचे हे फर्स्ट शिफ्टला गेलेले. मागं कोंबड्यांचा एकच कालवा ऐकू आला म्हणून दार उघडलं, तर भिंतीच्या प्रत्येक भोकातून लालभडक पाणी धो धो आमच्या परड्यात पडत होतं. कंपनीनं पलीकडं मुरुमाचा भराव टाकून जमीन कमरेइतकी वर नेली होती. उंचवटा आता त्यांच्याकडं गेलेला, आणि खड्ड्यात आम्ही. आंब्याखाली मात्र पाणी साचलेलंही नव्हतं!

म्हटलं, थांब, बघतेच. पदर खोचला आणि उतरले. पोटऱ्या बुडाल्या. बाकीच्या कोंबड्या आणि कोंबडा धरधरून न्हाणीत कोंडले. मग काळीकडं वळले. पाणी टोपलीच्या बुडाला लागलं होतं, गवत ओलं व्हायला लागलं होतं. बसलेली कोंबडी दिवसाढवळ्या हलवली की ती अंडी सोडून उठते, हे मला ठाऊक होतं. पण म्हणून काय बुडू देऊ? ह्यांचा जुना काळा रेनकोट तिच्यावर टाकला आणि टोपलीच कवेत उचलली. तिनं रेनकोटातून मान काढून मनगटाचे लचके तोडले. "खा, हात खा माझा," म्हटलं, "पण उठू नकोस गं बये!"

दारात मामंजी उभे होते.

"मामा, सरका."

सरकले. घरात अंधारी, कोरडी जागा एकच होती, त्यांच्या खाटेखालची. टोपली तिथं ठेवली, रेनकोट काढला, आणि काळी उठून उभीच राहिली. खाली बसेना. अंड्यांना हात लावला तर गार. मला रडूच कोसळलं, आणि रडता रडता असा राग आला म्हणता! आयुष्यात कधी सासऱ्यांपुढं आवाज चढवला नव्हता, तो चढला.

"तुमच्या उंचवट्यानं घालवली माझ्या आईची अंडी!"

ते वळले. तसेच पावसात गेले. या वयात, वाऱ्यात, छत्री नाही. खुराड्यापाशी वाकून पाण्यात हात घालून किती वेळ चाचपत राहिले. परत आले तेव्हा हातात तो नट होता. सदऱ्याला पुसून त्यांनी तो टोपलीखाली सरकवला, आपली घोंगडी खाटेवरून खालपर्यंत सोडली आणि म्हणाले, "आता कुणी वाकून बघू नगा."

बऱ्याच वेळानं मीच हळूच घोंगडी उचलली. काळी बसली होती.

संध्याकाळी हे आले आणि न्हाणीतून ओरडले, "अगं, इथं कोंबडा आहे! अंघोळ कुठं करू?"

"बाहेर पाऊस आहे की," मी म्हटलं.

पुढं काही दिवस मामंजींनी घरात कुणाला मोठ्यानं बोलू दिलं नाही. टीव्हीसुद्धा नाही. जेवायचं ताट खाटेवरच घेतलं. एका सकाळी त्यांची हाक आली, "सूनबाई, ये, लवकर ये!" मी पिठाच्या हातानं धावले. घोंगडीआडून चिवचिव येत होती. सगळी अंडी नाही फुटली, पण बरीच फुटली. एक पिल्लू, थेट काळीसारखंच काळं, तुरतुरत मामंजींच्या पायाशी आलं.

ऊन पडल्यावर मी पॅलेटं धुऊन वाळवली आणि त्यांना विचारलं, "मामा, खुराडं कुठं मांडू?"

त्यांनी आंब्याकडं पाहिलं. मग भिंतीकडं, बराच वेळ.

"तूच ठरीव पोरी," ते म्हणाले. "मला आता हितलं काय म्हाईत न्हाई."