बीकनवाल्याची टकटक

आमच्या गल्लीतला बीकनवाला तसा साधा माणूस. गावाबाहेर माळावर एक मनोरा आहे, त्यालाच बीकन म्हणतात; तो रेडिओवरून विमानांना दिशा दाखवतो. त्याची देखभाल हा करायचा. घरी आला की खिडकीत बसून चौकटीवर बोटांनी टकटक करायचा. समोरच्या खिडकीत शिंपीणबाई मशीनवर बसलेली. झालं! बायकोच्या डोक्यात संशय शिरला, आणि त्याला खतपाणी घालायला आम्ही होतोच.

"खुणा कुणाला करता हो?" तिने एकदा विचारलंच.

"कसल्या खुणा?"

"मी माहेरी गेले म्हणजे कळेल कसल्या!"

बिचाऱ्याचं धाबं दणाणलं. तिला स्कूटरवर बसवून माळावरच्या खोलीत नेलं आणि तिच्या कानांना हेडफोन लावला. आत तीच टकटक, लांब-आखूड, पुन्हा पुन्हा.

"ही मनोऱ्याची ओळख. दिवसभर ऐकून बोटांत बसलीय. दुरुस्ती निघाली की आम्ही ती बंद करतो. मग विमानातला काटा बरोबर दिशा दाखवत असला तरी वैमानिक विश्वास ठेवत नाहीत."

बायको खजील झाली. नवऱ्यानेही शहाणपणा करून टकटक सोडली. गल्लीला वाटलं, मिटलं.

दोन-चार दिवसांनी जेवण वाढता वाढता तिने हात आखडला. "टकटक का बंद? कसली दुरुस्ती काढलीय?"

त्याने डाव्या हाताने टेबलावर टकटक सुरू केली, तेव्हा कुठे ताटात भाजी पडली.

शिंपीणबाईने मात्र त्याच आठवड्यात खिडकीला जाड पडदा शिवून लावला. का, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.