ताशी सहा मैल

बर्फावर आर्लिस क्वामेचा आवाज पार्किंगपर्यंत ऐकू येतो. आमच्या ऑल्डर काउंटीच्या बायकांच्या कर्लिंग संघाची ती कप्तान. कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड खुणेपर्यंत घसरवायचा खेळ; तो लांब जावा म्हणून पुढचा बर्फ झाडूने घासतात. दगड घसरत निघाला की ती ओरडते, "घासा! घासा गं, झोपलात की काय!" आणि झाडू घेतलेल्या दोन आज्या जिवाच्या आकांताने बर्फ घासत सुटतात. कोर्टाच्या तळमजल्यावर, नोंदींच्या खिडकीत बसली की मात्र हाच आवाज इतका खाली येतो की समोरच्याला ऐकण्यासाठी पुढे वाकावं लागतं. त्या खिडकीत ती चौतीस वर्षं बसते आहे. शेजारची, गाड्यांच्या परवान्यांची खिडकी माझी. मधे काच आहे, पण ती पुरती लागत नाही.

खिडकीशी आलेला माणूस कशासाठी आलाय हे आर्लिस तो बोलायच्या आत ओळखते. जमिनीच्या कागदांसाठी आलेले मोठ्याने बोलतात. घटस्फोटाच्या कागदांसाठी आलेले गॉगल काढत नाहीत. दारू पिऊन गाडी चालवल्याचा जुना खटला शोधायला आलेला माणूस आधी तिच्या जिरेनियमकडे बघतो, कुंडीतली माती किती ओली आहे ते बोटाने पाहतो, आणि मग म्हणतो, "एका मित्रासाठी हवं होतं." आर्लिस मान हलवते. "मित्राचं नाव इथे लिहा," म्हणते, आणि ज्याचं नाव तो लिहितो ते वाचून चेहऱ्यावर काही दाखवत नाही. दारू हा शब्द ती खिडकीत कधीच उच्चारत नाही. काही फाइली ती एका हाताने काढून आणते; काही, ज्यांत कुणी घरी परतलं नव्हतं, त्या दोन्ही हातांनी. तेवढ्यावरून मला कळतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी, डेल्मर स्कोगस्टा आला. छोटी इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. गावातलं गवत कापायचं प्रत्येक यंत्र त्याने एकदा तरी उघडलेलं आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून नात सिग्ने त्याला गाडीतून घेऊन आली होती. सिग्नेचं लग्न शनिवारी होतं, नदीपलीकडे, कॅनडात. डेल्मर आणि आर्लिस शाळेत एका वर्गात होते.

तो सरळ जिरेनियमकडे गेला.

"पाणी जास्त होतंय याला," तो म्हणाला.

"डेल्मर, कुणासाठी हवंय?" आर्लिस हळूच म्हणाली.

"माझ्यासाठीच. माझाच खटला. मीच गुन्हेगार."

आर्लिसने पेन खाली ठेवलं. चौतीस वर्षांत असं उत्तर तिला पहिल्यांदाच मिळत होतं.

हकीकत सिग्नेने सांगितली. रविवारी व्याह्यांकडे जेवायला म्हणून दोघं निघाली होती. पुलाच्या त्या टोकाला सीमेवरच्या अधिकाऱ्याने नेहमीचा प्रश्न विचारला, कधी अटक झाली होती का. अधिकाऱ्याच्या संगणकात काहीसुद्धा नव्हतं. आणि आजोबांनी सांगितलं, "हो. एकदा. दारू पिऊन चालवत होतो. चाळीस वर्षं झाली."

"कशाला बोललास?" आर्लिस म्हणाली.

"त्याने विचारलं ना!"

"विचारलं म्हणून काय झालं?"

"अगं, त्याच्या भुवया आपल्या पास्टरसारख्या होत्या. तोंडातून निघून गेलं."

मग अधिकाऱ्याने गाडी वळवून परत पाठवली. काय खटला होता, शिक्षा काय झाली, ती भोगून संपली का, याचा कोर्टाचा सही-शिक्क्याचा कागद आणा. तोवर पूल ओलांडता येणार नाही. सिग्नेचे वडील कामासाठी अलास्कात, त्यांना रजा मिळालेली नव्हती. चर्चमध्ये तिचा हात धरून चालायचं होतं ते आजोबांनीच.

"आणि चालताना मी रडणार नाही असं वचन घेतलंय यांनी माझ्याकडून," सिग्ने म्हणाली. "आता यांच्याशिवाय चालायचं तर वचनही गेलं."

"शुक्रवारी साडेचारला आमची खिडकी बंद होते," आर्लिस म्हणाली. "अर्ज भर, डेल्मर."

त्याने अर्ज भरला. नाव, जन्मतारीख, गुन्हा. वर्षाच्या रकान्यात '८३ किंवा ८४, किंवा ८५' लिहिलं. महिन्यापुढे 'थंडी'.

"डेल्मर, इथे आठ महिने थंडी असते."

"जास्त थंडी," तो म्हणाला.

संगणकात तेव्हाचं काही नाही. त्या काळच्या नोंदी तळघरात, कापडी पुठ्ठ्याच्या मोठ्या वह्यांत आहेत. बुधवारी आर्लिसने जेवणाची सुट्टी तिथेच काढली. वाहतुकीच्या खटल्यांच्या चार वर्षांच्या वह्या तिने पानापानाने पाहिल्या. वर आली तेव्हा तिच्या कोपरांना लाल धूळ लागली होती.

"अर्ध्या गावाचं सापडलं," ती मला म्हणाली, "डेल्मरचं तेवढं नाही." कुणाकुणाचं, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलंही नसतं.

गुरुवारी दोघं परत आली. सिग्नेच्या हातात लग्नाच्या रिबिनींची पिशवी होती.

"असा खटला आढळला नाही, असा दाखला मी देऊ शकते," आर्लिस म्हणाली.

डेल्मर घाबरला. "म्हणजे मी अधिकाऱ्याशी खोटं बोललो असं होईल!"

"मग तर तुला चांगलंच म्हणतील. निर्दोष!"

"निर्दोष नाहीये मी," तो जवळजवळ रागावून म्हणाला. "पकडलं होतं मला. दंड भरला. वर्षभर दर महिन्याला येऊन सही केली. माझं आहे ते मला द्या."

आपला गुन्हा नोंदलेला असावा म्हणून इतक्या कळकळीने भांडणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

"काय झालं होतं ते तरी सांगा ना यांना, आजोबा," सिग्ने म्हणाली. आणि मग तिनेच सांगितलं. ती गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. जुनी पाँटियाक, ताशी नव्वद मैल, वळणावर गाडी सुटली, शेरीफच्या घराचं कुंपण तोडून आत, इंजिन झाडापासून वीतभर अंतरावर थांबलं. स्कोगस्टा घरातल्या प्रत्येक मुलाला सोळाव्या वाढदिवशी, गाडीच्या किल्ल्या हातात देण्याआधी, ही गोष्ट ऐकावी लागे. चर्चच्या वर्गातही डेल्मर ती दरवर्षी सांगे. "त्या वितीची मला इतकी भीती बसली," सिग्ने म्हणाली, "की कॉलेजात असताना मी प्यालेल्या मुलाच्या गाडीत एकदाही बसले नाही. पहाटे तीनला यांना उठवायचे. हे यायचे, पायजम्यावर कोट घालून."

ती बोलत होती आणि डेल्मर कुंडीतली माती उकरत होता. आर्लिसने अर्ज पुन्हा हातात घेतला. मग तिची नजर एका रकान्यावर थांबली. वाहनाचा प्रकार. तो कोरा होता.

"सिग्ने," ती म्हणाली, "तुझी गाडी न्यायाधीशांच्या जागेत लावली आहेस का?"

"नाही. कडेला आहे."

"बघून ये बरं. ते फार मनाला लावून घेतात."

सिग्ने गेली. आर्लिस काचेशी वाकली.

"डेल्मर, काय चालवत होतास?"

त्याने बोटांची माती झटकली. म्हणाला, "कुणाला सांगणार नाहीस ना?"

"मी चौतीस वर्षं कुणाला काही सांगितलेलं नाही. म्हणून तर माझ्याशी बोलताना लोकांना कंटाळा येतो."

"स्नोमोबाइल," डेल्मर पुटपुटला. म्हणजे बर्फावर चालायची, स्कूटरसारखी घसरगाडी. "नव्वद वगैरे काही नव्हतं. मागे तलावावरच्या मासेमारीची खोपटी बांधली होती, घसरपट्ट्यांवरची. ओढत होतो. आणि खोपटीत रॉल्फ होता."

रॉल्फ हा त्याचा मेहुणा, आता नाही.

"रॉल्फ काय करत होता?"

"मासे तळत होता."

आर्लिसच्या खांद्यात काहीतरी हललं, पण आवाज खालीच राहिला. "आणि पकडलं कुणी? शेरीफने?"

"शिकार-मासेमारीच्या वॉर्डनने. चालत आला, आर्लिस. पळालासुद्धा नाही. चालत येऊन त्याने मला गाठलं." त्याने दाराकडे पाहिलं. "पोरांना हे सांगून कोण घाबरलं असतं?"

"तलावावर भंगार गाडी ठेवली होती का तेव्हा?"

दर मार्चच्या पहिल्या शनिवारी गावातले लोक एक भंगार गाडी गोठलेल्या तलावावर नेऊन ठेवतात आणि बर्फ फुटून ती कधी बुडणार यावर पैजा लावतात. बुडाली की साखळीने ओढून काढतात. आर्लिसच्या टेबलाच्या खणात तळाशी एक कागद चिकटवलेला आहे: कुठल्या साली कोणती गाडी. लोकांना तारखा आठवत नाहीत, गाड्या आठवतात.

"त्याच दिवशी ठेवली. त्याचाच तर आनंद चालला होता आमचा," डेल्मर म्हणाला. "पास्टरांची हिरवी स्टेशन वॅगन."

आर्लिसने खण ओढला. "चौऐंशी. तीन मार्च."

वॉर्डनचे खटले वाहतुकीत कधी गेलेच नव्हते. तळघरातल्या जिन्याखाली एक हिरवं लोखंडी कपाट आहे; हंगाम संपल्यावर मारलेली हरणं आणि मर्यादेपेक्षा जास्त धरलेले मासे, यांच्या फाइली त्यात तारखेने लावल्या आहेत. सिग्ने परत यायच्या आत आर्लिस फाइल घेऊन वर आली होती. एका हाताने.

तिने ती उभ्यानेच वाचली. मग भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिली. नंतर नक्कल काढली, शिक्का मारला, सही केली, पाकिटात घालून पाकीट चिकटवलं, आणि जोडावर आडवी सही केली.

"गाडी कडेलाच आहे," सिग्ने आत येत म्हणाली. "सापडलं?"

"सापडलं. हे पुलावर अधिकाऱ्याच्या हातात द्यायचं. मधे उघडू नका."

"उघडलं तर चालत नाही?" डेल्मरने भाबडेपणाने विचारलं.

"उघडलेलं चांगलं दिसत नाही," आर्लिस म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही, एवढंच जमतं.

शनिवारी लग्न झालं. डेल्मर नातीचा हात धरून चर्चची अख्खी वाट चालला, आणि रडला तोच.

पुढच्या बुधवारी सिग्ने एकटी आली. केकचे दोन तुकडे आणले होते, एक मला. मग ती आर्लिसच्या खिडकीशी उभी राहिली. जिरेनियमकडे तिने पाहिलं नाही.

"त्या अधिकाऱ्याने पाकीट उघडलं," ती म्हणाली, "आणि आत गेला. मग आणखी दोघं आले. तिघांनी मिळून वाचलं. एकजण डोळे पुसत होता. आजोबांशी प्रत्येकाने हात मिळवला. एकाने विचारलं, मासे कोणते होते. आजोबा म्हणाले, वॉलआय, आणि गाडीत येऊन बसले. त्यानंतर शब्द नाही."

आर्लिसने केकचा तुकडा बाजूला सरकवला.

"तुम्ही सांगणार नाही, माहीत आहे मला. पण कोर्टाची नोंद कुणालाही बघता येते ना?"

"कुणालाही," आर्लिस म्हणाली. आवाज इतका खाली होता की मला काचेला कान लावावा लागला.

"मग मला अर्ज द्या."

काढलेला अर्ज आर्लिसने जरा वेळ हातातच धरला. कर्लिंगमध्ये एकदा दगड हातातून सुटला की कप्तानालाही तो परत बोलावता येत नाही. त्याच्यापुढची वाट घासत राहायची. तिने अर्ज पुढे सरकवला.

सिग्ने बाकावर बसून फाइल वाचू लागली. पहिलं पान. दुसरं. मग तिने तोंडावर हात ठेवला. "ताशी सहा मैल!" ती म्हणाली. "'खोपटीतील इसमाने वॉर्डनला मासा देऊ केला, वॉर्डनने तो घेतला नाही.' अहो, हे खरंच लिहिलंय!" ती हसत हसत वाकली, रिकाम्या दालनात तिचं हसणं छतापर्यंत गेलं. मग हळूहळू थांबलं. ती ते पान हातात धरून बसून राहिली.

"पहाटे तीनला यायचे ते," ती म्हणाली.

फाइल परत देताना तिने सांगितलं, "मी बघितलं हे आजोबांना कळू देऊ नका."

"मी कुणाला काही सांगत नाही."

"आमची मुलं सोळा वर्षांची होतील ना, तेव्हा ते असतील-नसतील. नव्वद मैलांची गोष्ट मी सांगेन. पाँटियाकसकट."

"कुंपणसुद्धा विसरू नकोस," आर्लिस म्हणाली. चौतीस वर्षांत एकाच्या खटल्याबद्दल दुसऱ्याशी तिने खिडकीतून काढलेलं हे पहिलं वाक्य असावं.

सिग्ने गेल्यावर आर्लिसने अर्ज नोंदवहीला लावला. 'कशासाठी हवे' या रकान्यात लिहिलं होतं: कुटुंबाचा इतिहास. मग ती फाइल घेऊन जिन्याखाली गेली, आणि तीन मार्चची फाइल तिने पुन्हा तिच्या जागी, एक हरीण आणि अकरा माशांच्या मधे, लावून ठेवली.