फाटकाशी लिंबूपाणी

कोलार रोडवरच्या आमच्या कॉलनीत आज आरोग्य दौड होती. कुणीतरी हातात लिंबूपाण्याचा ग्लास दिला आणि त्या वासासरशी मी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये जाऊन पोचले.

तिथे दर थंडीत दौड असायची. बायका आपापल्या क्वार्टरच्या फाटकाशी लिंबूपाणी घेऊन उभ्या राहायच्या. धावणाऱ्याने ते फक्त आपल्याच घरचं प्यायचं, अशी रीत होती.

एका वर्षी दौडीत धावत आलेले बाबा आमच्या फाटकाला धरून बराच वेळ उभे राहिले. “यंदा रस्ता वाढवलाय का गं?” त्यांनी आईला विचारलं. आम्ही हसलो. शेजारचे वर्माजी धावता धावता म्हणाले, “चलो भाई, बुढ़ा गए क्या?” बाबाही हसले आणि पुढे निघाले. उन्हाळ्याआधीच त्यांचं हृदय थांबलं. आमचं ते हसणं आता आठववत नाही.

पुढच्या दौडीला आई तशीच भरलेला ग्लास घेऊन उभी होती. ओळखीचे सगळे मान खाली घालून पुढे गेले, वर्माजीसुद्धा. रस्ता रिकामा झाल्यावर मी म्हटलं, “आई, चल आत.” ती हलली नाही.

तो ग्लास घेण्यासाठी एकानेही रीत मोडली नाही.

आजचा ग्लास मी तसाच खाली ठेवला.