राखेपलीकडचं राज्य

आमच्या बोरीला कुकडी नदीच्या काठच्या दरडीत राखेचा एक पांढुरका थर आहे. बोटानं खरवडला तरी पिठासारखा सुटतो. पुण्याहून माणसं हातोड्या घेऊन यायची आणि ती राख पिशव्यांत भरून न्यायची. आता साधी राख न्यायला पुण्याहून कोण तडमडेल? तेव्हा ती जादूची, असं मी आणि माझ्या आतेबहिणीनं ठरवून टाकलं.

आत्या वारल्यावर ती आमच्याकडे राहायला आली होती. ती पंधराची, मी तेराची. राखेच्या पलीकडे एक राज्य आहे, असं ती सांगायची. "तितं कुनी कुनाला न्यायला येत न्हाई," हा त्या राज्याचा पहिला कायदा. कपाळाला राख लावली की आमच्यात शक्ती यायची. तिनं चिमूटभर राख फुंकली आणि विहिरीवरची मोटर आपोआप सुरू झाली, हे मी डोळ्यांनी बघितलंय. चुलत्यांनी स्टार्टरला ऑटो बसवलाय, लाइट आली की मोटर आपली आपण चालू होते, हे आम्हाला सांगायची कुणाला गरज वाटली नव्हती. माझ्या वाट्याला नुसती म्हशीची मान वळवायची शक्ती आली, तीही म्हशीच्या मनात असलं तर. याचा मला अजून राग आहे.

तिचा नववीचा निकाल लागला आणि पेठ गावाहून तिच्या वडिलांचा निरोप आला. रविवारी न्यायला येतो, घरात भाकरी करायला कुणी नाही. म्हणजे शाळा बंद. ती रडली नाही, पण जेवलीही नाही.

"त्यांच्यावर राख उडवू," मी म्हणाले. "कशाला आलो तेच इसरत्याल."

पावडरच्या रिकाम्या डब्यात राख भरून आम्ही तो फडताळात लपवला.

रविवारी सकाळी बघते तर डबा मोरीवर उघडा पडलेला आणि आई त्याच राखेनं तांब्या-पेला घासतेय. वर म्हणते, "लई झ्याक निघतंय गं!" मी तिथंच भोकाड पसरलं.

आतेबहिणीचे वडील आले. आईनं त्याच लखलखीत पेल्यात त्यांना पाणी दिलं. एरवी पाहुण्यांसमोर आई तोंड उघडायची नाही, दाराआड उभी राहायची. त्या दिवशी मात्र पदर खोचून त्यांच्या समोरच बसली.

"पावणं, लेकरू हुशार हाय. ती धावी हितंच करंल. भाकरीचं तुमी दुसरं कायतरी बघा."

माझे वडील आढ्याकडे बघत राहिले. पाहुण्यांनी बराच वेळ हातातला पेला फिरवला.

"बरं, वयनी," ते म्हणाले आणि पाणी प्यायले.

राखेचा गुण! आम्ही दोघी फडताळाआड एकमेकींचे हात दाबत नाचलो.

परवा ती आली होती. आता तिची मुलगी दहावीला आहे. दोघी नदीवर गेलो. मी शहाणपणानं सांगितलं, "ज्वालामुखीची राख आहे ती, कुठल्या तरी लांबच्या देशातली. पण आईला त्या दिवशी नेमका तो डबा कसा सापडला, देव जाणे."

ती हसली. "सापडला न्हाई. म्याच ठेवला व्हता मोरीवर. आपल्या हातनं काय व्हनार व्हतं? म्हनलं, मामीच्या हाताला लागू दे."