मंडळाच्या ग्रुपवरची लिंक

"अँटिव्हायरस पाच मिनिटं बंद कर," देशपांडे सर म्हणाले. "चारला ड्रॉइंग्ज अपलोड करायची आहेत. स्वल्प अ‍ॅडजस्ट कर गं."

अडीच वाजले होते. बंगळुरूच्या बसवनगुडीतल्या छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर मी सांभाळते. सर इमारतींचं स्ट्रक्चरल डिझाइन करतात. चाळीस पीडीएफ जोडायला त्यांनी एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं होतं आणि अँटिव्हायरस ते चालू देत नव्हता. मशीनवर बारा वर्षांची ड्रॉइंग्ज होती. बॅकअपची डिस्कही त्यालाच लावलेली. मी आधी ती काढली.

"लिंक कोणाची?"

"मराठी मंडळाच्या ग्रुपवर जोशींनी टाकली. तीस वर्षं कॉम्प्युटर विभागात होते. तपासली असणारच."

मी फाइलच्या प्रॉपर्टीज उघडल्या. डिजिटल सिग्नेचर म्हणजे बनवणाऱ्याचा शिक्का. तो नव्हता. साइटचा पत्ताही सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचा नव्हता. कंपनीच्या नावाला 'फ्री डाउनलोड' चिकटवलेलं होतं. मी जोशींना फोन लावला.

"मी कशाला तपासू? सातारकरांनी पाठवली, मी पुढे ढकलली."

मग सातारकरांना लावला. ते म्हणाले, "अहो, ती देशपांड्यांचीच. गेल्या महिन्यात त्यांनीच टाकली होती."

सरांनी चष्मा वर करून ग्रुप मागे सरकवला. मेसेज सापडला. 'ही लिंक बरी आहे का? कोणी वापरली आहे का?' उत्तर कोणीच दिलं नव्हतं. तिघांनी अंगठा दिला होता. सातारकरांनी फक्त लिंक उचलली, प्रश्न तिथेच राहिला.

"म्हणजे मी माझ्याच भरवशावर..."

"हो, सर."

मी फाइल डिलीट केली आणि पूर्ण स्कॅन लावला. काही सापडलं नाही. अँटिव्हायरसने वेळेत अडवलं होतं. मग सर्चमधल्या जाहिराती सोडून कंपनीची स्वतःची साइट गाठली, शिक्का पाहिला, इन्स्टॉल करताना सोबत येणाऱ्या नको असलेल्या टूलबारपुढची टिकची खूण काढली. चाळीस पीडीएफ जोडल्या. तीन पन्नासला अपलोड झालं.

फुकटचं सॉफ्टवेअर मीही वापरते. फक्त ते कोणी पाठवलं यापेक्षा कोणी बनवलं, हे बघते.

सरांनी ग्रुपवर लिहिलं, 'ती लिंक धोकादायक आहे. कोणीही उघडू नये.'

नऊ अंगठे आले. मग जोशींचा मेसेज. 'कोणती लिंक? पुन्हा पाठवा.'