बाईंची उजवी बाही

परभणीच्या दवाखान्यातून फोन आला, तेव्हा मी सेलूच्या बाजारात अंगरख्यांसाठी अस्तर बघत उभी होते. दुकानदार थान उलगडतोय आणि इकडे पुतण्या सांगतोय, "काकू, आई गेली…" मी अस्तर फाडून घेतलं, घडी घालून पिशवीत ठेवलं. कशाला, देव जाणे.

मालतीबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. गावातल्या हौशी नाटक मंडळींचे ऐतिहासिक पोशाख त्याच शिवायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा ओसरीवर सरदार-किल्लेदार अर्धवट अंगरखे घालून उभे आणि बाई त्यांना दम देत होत्या, "हात वर करा की भाऊ! तलवार काय खिशातून काढायलाव का?" हात उगारला की अख्खा अंगरखा कमरेपासून वर ओढला जायचा. मग बाही उसवायची, वर्तमानपत्राचा नवा कागद कापायचा, बाहीच्या माथ्याची उंची कमी करून दंडाला रुंदी द्यायची. बाही जोडायच्या मुंढ्यापेक्षा जास्त भरणारं बाहीचं कापड बोटांनी असं मुरवायच्या, की खांद्यावर चुणी दिसायची नाही. मी वैतागायचे. लांबून कोण बघतंय, म्हणायचे. "घालनाऱ्याला कळतंय ना माय," एवढंच उत्तर.

छातीच्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि बाईंचा उजवा हात सुजत गेला. शिवण सुटली, ते त्यांनी सोसलं. पण एकही ब्लाऊज दंडावर चढेना. पदराखाली हात झाकून बसायच्या, हळदीकुंकवालाही जाईनाशा झाल्या. यंदाचं नाटक मात्र पुढच्या रांगेत बसून बघायचं होतं त्यांना. "ब्लाऊज नीट बसला तरच येईन. गबाळी येनार न्हाई." मग त्या सांगायच्या आणि मी कागद कापायचे. "लय ढगळी करू नको. लोकायला वाटंल, हात लपवायलीय." बाही बेतून व्हायची, तोवर हात आणखी सुजलेला… मला त्या हाताचाच राग यायचा. शेवटी नाटक तोंडावर आलं असताना त्यांना परभणीला हलवलं, आणि ब्लाऊज एकाच बाहीचा घरी राहिला, उजवी बाही नुसती बेतलेली.

त्यांना घरी आणल्यावर बायकांनी हिरवं लुगडं काढलं. कुणीतरी म्हणालं, "चोळी फाडून घाला, आता कोन बघायलंय?" मी ओरडलेच. तो ब्लाऊज आणला, डावा हात घातला, उजवी बाही दंडाभोवती गुंडाळून खांद्याशी टाचू लागले. बाहेर माणसं उशीर झाला म्हणून हाका मारत होती. तरी मी बोटांनी कापड मुरवलं. एक चुणी पडली नाही.

बाई छान दिसत होत्या, असं अजून भेटेल तो सांगतो. मंडळींचे अंगरखे मी पुरे करून दिले, नाटकाला गेले नाही. रोज दुपारी त्यांच्या मशीनवर बसते आणि एकच गोष्ट डाचत राहते… पक्की शिवण घालायला मला कुणी वेळ दिला नाही. बाईंना मी कच्च्या टाक्यांवर पाठवलं.