बोटाला लागलेले प्रायमर

ऑफिसात माझं काम चुका शोधण्याचं. औषध कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासायची आणि बिघाड सापडला की तो नेमका कुठून आला ते लिहून काढायचं. वीस-बावीस वर्षं हेच करतोय. चूक करणाऱ्याचा मला कधी राग आला नाही, लपवणाऱ्याची मात्र तिडीक येते. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करायला नको.

मुलीनं कॉलेजात पिस्तुलाची नेमबाजी सुरू केली तेव्हा आमच्या घरात आठवडाभर कुणी धड जेवलं नाही. "कथक सोडून हे काय काढलंय हिनं?" असं बायको मला विचारायची, जणू मीच शिकवलं होतं. मी वरवर समजूतदार राहिलो, आतून पुरता हादरलो होतो. मुलगी दर शनिवारी नेमबाजीच्या रेंजवरून गोळ्यांच्या वापरलेल्या रिकाम्या पुंगळ्या डबा भरून आणायची आणि अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या आमच्या गॅरेजमध्ये बसून नवी दारू आणि शिसं घालून पुन्हा भरायची. एकदा सहज डोकावलो आणि स्टूल ओढून तिथंच बसलो. तोवर आमचं बोलणं "गाडीत पेट्रोल आहे का?" एवढ्यावर आलं होतं. गॅरेजमध्ये मात्र ती बोलायची. रूममेटबद्दल, एका मुलाबद्दल, नोकरी मिळेल की नाही या धास्तीबद्दल. हात कामात असले की तिला बोलणं सोपं जायचं. मलाही ऐकणं सोपं जायचं.

हळूहळू मीही हात लावू लागलो. काम तसं अवघड नव्हतं. पुंगळीच्या बुडाशी एक खळगा असतो, त्यात ठिणगी पाडणारा, मसुराच्या दाण्याएवढा प्रायमर बसतो. त्यावर पिस्तुलाचा घाव पडला की गोळी सुटते. वापरलेला प्रायमर काढायचा आणि तरफ दाबून नवा बसवायचा. काही पुंगळ्यांचे खळगे मात्र मूळचेच घट्ट असतात, कारखान्यातच त्यांची कड आत दाबलेली असते. तिथं प्रायमर पुरता उतरत नाही, केसभर वर राहतो. मग पिस्तुलाचा पहिला घाव त्याला आत ढकलण्यातच वाया जातो आणि गोळी सुटत नाही.

"बाबा, टाइट लागलं की थांब. फोर्स नको करू," तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. अशी पुंगळी कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकायची, नंतर सवडीनं मुलगी त्या पुंगळीची कड कापायची. आणि शेवटी प्रत्येक बुडावरून बोट फिरवून बघायचं, वर राहिलेला प्रायमर बोटाला लागतो.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी एका संघाच्या निवडीची मॅच होती. त्याच आठवड्यात तिला प्रोजेक्टही द्यायचा होता. "दोनशे पुंगळ्यांना प्रायमर लावून ठेवशील? बाकीचं मी करते," ती म्हणाली. इतका मान मला कुठल्या प्रमोशननं दिला नव्हता. मी चष्मा पुसून बसलो.

त्या खेपेला घट्ट पुंगळ्या फार निघाल्या. पहिल्या वीस-पंचवीस मी इमानदारीत डब्यात टाकल्या. मग लक्षात आलं, अशानं दोनशे व्हायच्या नाहीत. कमी पडल्या हे तिला सांगायचं माझ्या जिवावर आलं. पहिल्यांदाच तिनं काम माझ्या एकट्यावर सोपवलं होतं. मी दोन्ही हातांनी तरफ दाबायला लागलो. शेवटी बोट फिरवलं तेव्हा चार-पाच प्रायमर बोटाला लागले. म्हटलं, चालतंय.

"तू चेक केलंस ना?" तिनं विचारलं.

"हो."

मॅचच्या दिवशी मी आणि बायको थर्मास घेऊन प्रेक्षकांच्या दोरीमागे उभे होतो. मध्येच मुलीचं पिस्तूल नुसतंच खट् वाजलं, गोळी सुटली नाही. तिनं ती झटक्यात बाहेर काढली आणि पुढे गेली. थोड्या वेळानं पुन्हा तेच झालं. घड्याळ काही तिच्यासाठी थांबलं नाही. थोडक्यात तिची निवड हुकली.

परत येताना गाडीत मुलगी माझ्या शेजारी बसली होती. बायको मागे पेंगत होती. मुलीनं विचारलं, "बाबा, काही टाइट होत्या का?"

तिथं एक "हो" म्हणायचं होतं. मी म्हणालो, "नाही गं. तू जरा घाबरलीस का? होतं असं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "असेल."

त्यानंतर तिनं पुंगळ्या आणणं बंद केलं, विकतच्या गोळ्या घ्यायला लागली. मग नेमबाजीही सुटली. दूर पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला नोकरी लागली आणि आमचं बोलणं हवा-पाण्यावर आलं. मी स्वतःला समजावत राहिलो की मुलं मोठी झाली की असंच होतं.

गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ती घरी आली होती. गॅरेजमधून खुर्च्या काढताना कॉफीचा तो डबा दिसला आणि मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

"आय नो, बाबा," ती शांतपणे म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. न उडालेल्या दोन्ही गोळ्या मला मिळाल्या होत्या. प्रायमरवर घाव हलकाच उमटला होता, बघूनच कळलं. म्हणून तर कारमध्ये विचारलं तुला."

"मग तेव्हाच भांडली का नाहीस?"

"मॅचचं काही नाही रे. मॅचेस होत राहतात. पण तू म्हणालास मी घाबरले. मी नव्हते घाबरले, बाबा. मला कारण माहीत होतं, तरी नंतर प्रत्येक वेळी लाइनवर उभी राहिले की वाटायचं, बाबा म्हणतोय म्हणजे घाबरतच असेन मी."

ती खुर्च्या घेऊन आत गेली.

दोन दिवसांनी तिला एअरपोर्टवर सोडताना मी पुन्हा सॉरी म्हटलं. "इट्स ओके, बाबा," ती म्हणाली. ऑफिसात कुणाचा धक्का लागला तर म्हणत असेल, तसंच म्हणाली.